तुम्ही नव्हता ना, माई!

आलात का माई? काल रात्री रिक्षा थांबली तेव्हाच मी ह्यांना म्हटलं, बेंगळुरूची पाहुणी परत आली. नातू कसा आहे? बाळसं धरलंय ना? लेकीचं सगळं ऐकते सावकाश, पण आधी इकडचं ऐका. तो कढीपत्ता नंतर तोडा हो, जरा भिंतीजवळ या. मोठ्यानं बोलण्यासारखं नाही.

मागच्या आळीतली सूनबाई. हो, तीच, कोपऱ्यावरच्या बंगल्यातली, बँकेतली चांगली नोकरी सोडून घरी बसलेली. तुम्ही दिवाळीनंतर गेलात आणि हिनं काय केलं, सासऱ्यांच्या पुस्तकांची मागची खोली रिकामी केली. खिडकीच्या एका झडपेत काचेऐवजी प्लायवूडचा तुकडा ठोकला, त्यावर हा एवढा बारा इंची लोखंडी एक्झॉस्ट बसवला, बाकीच्या काचांना काळं कापड. रात्री आत पांढरा लख्ख दिवा. मागच्या दारानं पोती आत जायची, पिशव्या बाहेर यायच्या. आणि तो पंखा दिवसरात्र घर्रर्र, घर्रर्र.

"पोत्यांत काय?"

तेच तर कुणाला कळेना! आळीत लगेच दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणे, केशर लावलंय. हल्ली बंद खोलीत केशर घेतात ना, त्याच्या बातम्या वाचून. आणि दुसरा पक्ष म्हणे... अजून जवळ या... गांजा! हसू नका माई. काळं कापड, दिवा, कसलासा उकडल्याचा वास, आणि तो वास बाहेर फेकणारा पंखा. वरच्या बंगल्यातल्या काकांनी कुठल्याशा इंग्रजी मालिकेत हुबेहूब असंच पाहिलं होतं म्हणे. तुम्हाला माहीत आहे ना ते, निवृत्त झाल्यापासून सगळ्या जगाचा तपास त्यांच्याकडे असतो. अजिंक्यताऱ्यावर फिरायला जाणाऱ्या मंडळींकडून तर निम्म्या साताऱ्याला बातमी पोचली होती.

शेवटी ती पोरगी स्वतःच पिशव्या घेऊन घरोघर आली. धिंगरी हो, धिंगरी! मशरूम. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात आळिंबीचं प्रशिक्षण देतात, तिथं रीतसर शिकून आलेली. पोत्यांत गव्हाचं काड. ते बोटभर लांबीचं कापायचं, भिजवायचं, 80 अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवायचं, निथळून प्लॅस्टिकच्या पिशवीत थर देत मशरूमचं बियाणं पेरायचं. तो उकडल्याचा वास काडाचा! गांजाच्या पक्षातल्या बायका काय करणार, पाव किलोची पिशवी मुकाट्यानं घेतली आणि दुसऱ्या दिवशी रेसिपी विचारायला गेल्या. मी केली होती, सुक्या खोबऱ्याचं वाटण लावून. ह्यांनी दोनदा वाढून घेतली आणि वर विचारतात, मटण कुठनं आणलंस?

"मग मिटलं की!"

कुठलं मिटतंय! संशय मिटला, पंखा राहिला ना. हिवाळ्याचे दिवस, रात्री आळीत चिडीचूप, बाकी कुणाचेच पंखे चालू नाहीत. त्यात हा घर्रर्र थेट काकांच्या झोपायच्या खोलीसमोर. काकांनी फोनवर आवाज मोजायचं ॲप घेतलं आणि रात्री अकरा वाजता गच्चीवरून मोजमाप सुरू केलं. ग्रुपवर ठळक अक्षरांत टाकलं की 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा 55 डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 ही मर्यादा आहे, आणि इथं आकडा साठीत आहे. नियम खरा आहे हो, तो काही त्यांनी रचलेला नाही. पण मला सांगा, मधे एक रस्ता सोडून राहणाऱ्या पोरीशी बोलायचं तर आधी कलम कशाला? चार पावलं खाली उतरून "बाळ, झोप लागत नाही गं" म्हटलं असतं तर तिनं चहा पाजला असता.

मग झालं काय, त्या ग्रुपवरच्या मेसेजनं तिचा नवरा बिथरला. त्यानं रात्री पंखा बंद करायला सुरुवात केली. आळी खूश. पण चार दिवसांत मशरूमनं आपली नाराजी दाखवली.

"मशरूमला काय कळतं पंखा चालू की बंद?"

मलाही असंच वाटायचं. तिनं मला आत नेऊन दाखवलं तेव्हा कळलं. हे मशरूम आपल्यासारखं श्वास घेतं माई, झाडासारखं नाही. प्राणवायू घेतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. पिशव्या भरलेल्या खोलीत तो साचत जातो. पहिले पंधरा-वीस दिवस, म्हणजे पिशवीत पांढरी बुरशी पसरत असते तोवर, त्याचं काही बिघडत नाही. उलट बंद अंधारी खोली बरी. पण एकदा पिशवी कापली आणि कळ्या धरायला लागल्या की ताजी हवा पाहिजेच. नाही मिळाली तर देठ लांबच लांब होतात आणि वरची छत्री बटणाएवढी राहते. मी पाहिलं ना, शिंपल्यासारखी रुंद छत्री यायची तिथं बोटभर देठांचे झुबके आलेले. भाजीवाल्यानं हातात घेऊन परत ठेवले.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. तोडायला जरा उशीर झाला, छत्रीची कड वर वळली की धिंगरी बीजाणू सोडते. पांढरी बारीक धूळ. शेल्फवर, दिव्यावर, सगळीकडे. पंखा बंद म्हटल्यावर ती खोलीतच राहायची आणि दार उघडलं की घरात. सासूबाईंना खोकला सुरू झाला. आता मास्क लावूनच आत जायचा नियम केलाय, आणि कड वळायच्या आधीच तोडणी. पण सांगायचा मुद्दा, पंखा बंद हा उपायच नव्हता. पंखा लागणारच होता, फक्त त्याचा कंठ बसवायचा होता.

आणि मग सुरू झाले उपाय. आपल्याकडे सल्ल्याला काय तोटा? पहिला सल्ला कुणाचा असेल, आमच्या ह्यांचाच! अंड्यांचे ट्रे लावा म्हणे भिंतीला. कुठल्या तरी स्टुडिओत पाहिले होते. तिच्या नवऱ्यानं बिचाऱ्यानं अंडेवाल्याकडनं गठ्ठाभर ट्रे आणले, चिकटवले, आणि आतल्या दमट हवेत आठवडाभरात त्यांच्यावर हिरवी बुरशी. नको ती बुरशी फुकट, हवी ती बाजूला. आवाज तसाच. मग थर्माकोल. आवाज तसाच. मग कुणीतरी म्हटलं, पंख्याच्या तोंडाला पीव्हीसीचा मोठा पाईप आणि एल्बो लावून आवाज खाली नाल्याकडे वळवा. तो लावला तर आवाज वाढला! हवा कमी आणि घरघर जास्त. त्यावर कडी म्हणून हॉलच्या पंख्याचा गोल फिरवायचा रेग्युलेटर जोडला. तर वेग कमी झाला, पण मोटर अशी काही गुणगुणायला लागली की काकांनी ग्रुपवर रेकॉर्डिंग टाकलं.

तेव्हा मी म्हटलं, पुरे झालं, नानांना बोलवा. आपले नाना हो, आयटीआयमध्ये मोटर वाइंडिंग शिकवायचे ते. सगळी आळी सल्ले देत होती आणि ज्याला कळतं तो माणूस ओसरीत पेपर वाचत बसलेला. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून ते गेलेच नव्हते. मानी माणूस.

नाना आले, आणि माई, मी मुद्दाम गेले बघायला. त्यांनी पंखा बघितलाच नाही आधी. खिडकीच्या प्लायवर हात सपाट ठेवला. मग भिंतीवर. मग बाहेर जाऊन ग्रिलवर. म्हणाले, "हा आवाज निम्मा पंख्याचा आहे, निम्मा ह्या फळीचा. पातळ प्लायवर पंखा बोल्टनं आवळलाय, म्हणजे ढोलाच्या पानावर मोटर बसवलीय." त्यांनी प्लायवर दोन्ही हातांनी जोर देऊन दाबलं, आणि काय सांगू, आवाज लगेच खाली आला! हात काढला की परत वर. तिचा नवरा बघतच राहिला.

मग पंखा बंद करून पातं समोर घेतलं. लांब स्क्रू ड्रायव्हर मोटरला टेकवला, मूठ कानाला लावली, हातानं पातं फिरवलं. बेअरिंग ठीक म्हणाले. पण पात्यावर नखानं खरवडलं तर पांढरट पापुद्रे निघाले. ती बीजाणूंची धूळ, दमट हवेत चिकटून वाळलेली, एका पात्यावर जाड, दुसऱ्यावर पातळ. चक्रात वजन एका बाजूला झालं की ते थरथरणारच, आणि ती थरथर बोल्टमधनं फळीत. नानांनी पाती कोमट साबणाच्या पाण्यानं धुवायला लावली. एवढ्यानंच फरक पडला. तेव्हापासून तिच्या कॅलेंडरवर दर पंधरवड्याला "पाती" असं लिहिलेलं असतं. एकादशीच्या खाली.

मग बसले हिशेब करायला. नानांना खडू मिळाला की ते अजून मास्तर होतात. फरशीवरच लिहिलं. पंखा मिनिटाला 1400 फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला तेवीस-चोवीस. पाती पाच. म्हणजे सेकंदाला हवेला साधारण 117 तडाखे. आणि आपली वीज पन्नास सायकलची, तिच्यामुळं मोटरची स्वतःची गुणगुण शंभरावर. दोन्ही खर्जातले आवाज. "खर्ज भिंतीतनं जातो," नाना म्हणाले, "अंड्याच्या ट्रेनं फक्त तार सप्तकातली किणकिण थोडी मरते. खर्ज अडवायला वजन लागतं, पोकळ कागद नाही." आणि वर सांगितलं की फोनचं ॲप असले खर्जाचे आवाज कमीच धरतं. आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो म्हणून मोजमापाची पट्टीच तशी ठरवलेली आहे, शंभराच्या आसपास ती जवळजवळ एकोणीस डेसिबल कापते. म्हणजे काका आकडा सांगत होते त्याहून त्यांचा त्रास मोठा होता. हे ऐकल्यावर मला काकांची पहिल्यांदा दया आली. फक्त त्या ॲपच्या आकड्यावर कोर्टात जाऊ नका, म्हणाले नाना. आधी आणि नंतरची तुलना करायला मात्र ते चांगलं.

"पण पंखा एवढा मोठा कशाला घेतला?"

बघा! माई, तुम्ही नानांचाच प्रश्न विचारलात. खोली दहा बाय बारा, उंची नऊ फूट. म्हणजे तीसएक घनमीटर हवा. धिंगरीला तासाला पाच-सहा वेळा ती हवा बदलली तरी भागतं. म्हणजे तासाला 180 घनमीटर. आणि हा बारा इंची गडी तासाला हजाराच्या वर हवा फेकणारा. दुकानदारानं "मोठाच घ्या ताई, बरा पडतो" म्हणून गळ्यात मारला. त्यानं नुसता आवाजच केला नाही, खोलीतली सगळी ओल बाहेर फेकली. मशरूमला 80 ते 90 टक्के दमटपणा लागतो. ही पोरगी दिवसभर फवारे मारतेय, भिंतीवर पाणी, फरशीवर पाणी, आणि पंखा ते पाणी काकांच्या अंगणात पोचवतोय. कडा पिवळ्या पडून तडकायच्या त्या ह्यामुळं. म्हणजे रात्री बंद ठेवला तर देठ लांब, दिवसा चालू ठेवला तर कडा तडकलेल्या. तिला वाटत होतं बियाणं वाईट आहे!

आणि तो पाईप लावल्यावर आवाज का वाढला, तेही सांगितलं. हा भिंतीत बसवायचा पंखा, समोर मोकळं असेल तर हवा ढकलतो. तोंडाला पाईप, वर एल्बो, वर कीटकांची बारीक जाळी, असा अडथळा आला की त्याची पाती हवा नुसती घुसळतात. पाईपातनं हवा न्यायची तर त्याचा पंखा वेगळा, पाईपाच्या मधेच बसतो तो, इनलाइन म्हणतात. आणि तो गोल रेग्युलेटर विजेची लाट मधेच कापतो, म्हणून मोटर कण्हते. कंडेन्सरचा खटक्याखटक्याचा असतो तो एवढा त्रास देत नाही.

नवरा म्हणाला, चार इंची इनलाइन घेऊ, स्वस्त आहे आणि 180 घनमीटर त्यावर लिहिलेलंच आहे. नाना म्हणाले, नाही, सहा इंची घ्या आणि हळू चालवा. इथं मलाही जरा कोडं पडलं. आवाज कमी करायचा तर पंखा मोठा? पण त्यांनी फरशीवर दाखवलं. चार इंचाच्या पाईपातनं तेवढीच हवा जायची तर ती सेकंदाला सहा मीटरच्या वर पळते, सहा इंची पाईपात तीन मीटरच्या आत. हवा पळाली की सळसळते. आणि पंख्याचा वेग निम्मा केला तर त्याचा आवाज पंधराएक डेसिबलनं उतरतो. दहा उतरले तरी कानाला निम्मा झाल्यासारखा वाटतो. वीज तर हिशेबानं आठव्या हिश्श्यावर येते. चार इंची जिवाच्या आकांतानं ओरडत जे करील ते सहा इंची निवांत करील. जावयानं तुमच्या हॉलमध्ये तो बीएलडीसीचा पंखा बसवलाय ना, तसल्याच मोटरचा घेतला त्यांनी. कितीही हळू करा, कण्हत नाही. किंमत दुप्पट पडली, नवऱ्याचं तोंड दोन दिवस वाकडं होतं. पण बिल बघून सरळ झालं.

बसवला कसा ते तर बघण्यासारखं होतं. भिंतीला स्क्रू मारलाच नाही. छताच्या हुकांना सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या, आणि त्यांच्या झोळीत पंखा अधांतरी. दोन्ही तोंडांना पाईप थेट जोडला नाही, मधे वीतभर कॅनव्हासची बाही शिवून घातली. कुणी शिवली? मी! माझ्या मशिनवर. म्हणजे पंखा थरथरला तरी ती थरथर कापडात आणि रबरात मरते, भिंतीला पत्ताच लागत नाही. पंख्याच्या अलीकडे-पलीकडे पाईप हात-दोन हात सरळ, वळण लगेच नाही. तो चुण्यांचा लवचीक पाईप असतो ना, तो पूर्ण ताणून बसवायचा. चुण्या राहिल्या की हवा अडखळत जाते.

आणि शेवटी पेटी. काकांच्या दिशेला आवाज जाऊ नये म्हणून बाहेरच्या तोंडाला अठरा मिलिमीटर प्लायची पेटी केली सुतारानं. आत दोन आडव्या फळ्या अशा की हवेला नागमोडी जावं लागतं. आतून सगळीकडे दोन इंच ग्लासवूल. पण उघडा ग्लासवूल ठेवला तर ओल आणि बीजाणू धरून त्याचाच बेड होईल! म्हणून त्यावर पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा, सैलसर. ताणून नाही. पातळ पापुद्र्यातनं आवाज आरपार जातो आणि आत मुरतो, ओल मात्र बाहेर राहते. हॉस्पिटलच्या डक्टमध्येही ग्लासवूलवर असाच पापुद्रा असतो म्हणे. पेटीचं झाकण क्लिपांचं, कडेला रबराची पट्टी, म्हणजे उघडून पुसता येतं. आणि पाईप भिंतीतनं जातो तिथली फट सिलिकॉननं बुजवली. नानांनी त्या फटीसाठी सुताराला तीनदा परत बोलावलं. म्हणे, बोटभर फट राहिली तर बाकीच्या पैशांवर पाणी.

एवढं करूनही सुरुवातीला कुठनं तरी शीळ यायची. मीच शोधली! दाराखालच्या फटीतनं. पंखा हवा बाहेर काढतोय, पण आत यायला वाट नाही, म्हणून ती दाराखालून घुसतेय. मग समोरच्या भिंतीत बाहेर जाणाऱ्या वाटेपेक्षा मोठी आत येणारी वाट केली, तिलाही जाळी, कारण मशरूमच्या माश्या फार. आणि त्या वाटेलाही छोटी पेटी. मी विचारलं, तिकडनं तर हवा आत येते, आवाज बाहेर कसा जाईल? नाना हसले. हवा सेकंदाला तीन मीटर चालते, आवाज 340 मीटर पळतो. त्याला वारा कुठल्या बाजूचा ह्याच्याशी काय देणंघेणं!

"मग आता?"

आता? तुम्ही काल रात्री आलात, काही ऐकू आलं का? बघा! काकांचं ॲप साठी सोडून चाळिशीत आलंय आणि त्यातही निम्मा वाटा रातकिड्यांचा. पंखा चोवीस तास चालू असतो, एका संथ लयीत. टायमर लावून पाच मिनिटं चालू, पंचवीस मिनिटं बंद, असंही कुणीतरी सुचवलं होतं. नानांनी नको म्हटलं. बंद-चालू झालं की झोपेतला माणूस दचकतो, मग जागा राहून पुढच्या वेळेची वाट बघतो. आणि ज्या पिशव्यांत अजून बुरशी पसरतेय त्या तिनं माळ्याखालच्या कोठीत हलवल्या, तिथं पंख्याची गरजच नाही.

काका? काका आता सगळ्यांना सांगत फिरतात की ध्वनिनियंत्रण त्यांनी करवून आणलं. ग्रुपवर पेटीचा फोटो त्यांनीच टाकला, नानांचं नाव न घालता. नाना काही बोलले नाहीत, पण दर शनिवारी त्यांच्या घरी धिंगरीची पिशवी जाते आणि काकांना मात्र ती विकत घ्यावी लागते. पोरीनं बोलून नाही दाखवलं, असं हिशेबातनं दाखवलं.

आता उन्हाळ्याचं तिला टेन्शन आहे. ही थंडीची जात एप्रिलमध्ये टिकायची नाही, गुलाबी धिंगरी लावणार म्हणते, ती उन्हाळा सोसते. तरी खोली गार ठेवायला ओल्या पॅडमधनं हवा घ्यावी लागेल, म्हणजे कूलरच म्हणा ना. आणि कूलर म्हटला की पुन्हा लोखंडी पत्रा, पुन्हा मोटर, पुन्हा थरथर. नाना म्हणतात, कूलर खिडकीच्या गजाला टेकवू नका, घोडी जमिनीवर स्वतंत्र ठेवा, चारी पायांखाली जाड रबर, पत्र्याचे ढिले स्क्रू आवळा, आणि पंप पाण्यात आपटत असेल तर त्याच्याखाली स्पंजचा तुकडा. उन्हाळाभर रात्रीची झोप मिळते माणसाला. शेजारच्या माणसाला, म्हणजे.

"अगं, आमच्या कूलरचं म्हणतेस होय? मागच्या मे महिन्यात तू पाहुण्यांच्या खोलीत झोपायला गेलीस ते..."

मी कुठं काय म्हटलं माई! मी आपली सूनबाईचं सांगत होते. पण विषय निघालाच आहे तर, तुमची घोडी आमच्या बाजूच्या गजाला तारेनं बांधलेली आहे ना, ती तार तेवढी सोडायला सांगा भाऊसाहेबांना. रबराचे तुकडे माझ्याकडे आहेत, सुताराकडनं उरलेले मी ठेवून घेतलेत. नाना संध्याकाळी पाचनंतर घरीच असतात. आणि घ्या हो आता कढीपत्ता, वरची कोवळी डहाळी घ्या, ती खालची जून झालीय.